बोटांवर तोललेलं संतपद

एखादी व्यक्ती संत आहे हे ठरवतं कोण? आपल्याकडे हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तुकोबांना कुठल्या मंडळानं ठराव करून संत केलं नाही. लोकांनी अभंग ओठांवर ठेवले, पालखी निघाली आणि तुकोबा संत झाले. त्यामुळे संतपद काढून घेता येतं ही कल्पनाच आपल्या पचनी पडत नाही. जे कुणी लेखी दिलंच नाही, ते परत कोण घेणार?

रशियात मात्र हे घडलं. काशिन नावाच्या लहानशा गावातल्या एका राणीला तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चनं 1650 मध्ये मोठ्या थाटात संत म्हणून गौरवलं. खुद्द झार अलेक्सेई मिखाइलोविच त्या सोहळ्याला मॉस्कोहून आला होता. मग 1678 मध्ये त्याच चर्चनं तिचं संतपद रद्द केलं आणि 1909 मध्ये ते पुन्हा बहाल केलं. या सगळ्या काळात तिच्या हातून काही बरंवाईट घडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती वारली 1368 मध्ये. तिचं पद गेलं ते उजव्या हाताच्या बोटांमुळे. ती बोटं मृत्यूनंतर तीनशे वर्षांनी कशी दिसत होती, यावरून.

या राणीचं नाव आन्ना. रशियन लोक तिला ‘काशिनची आन्ना’ म्हणतात. तिच्या बोटांचं कोडं उलगडायचं तर आधी तिचं आयुष्य पाहावं लागेल.

भाऊबंदकी आणि खानाची सनद

तेराव्या शतकात आज आपण म्हणतो तसा एकसंध रशिया नव्हता. त्वेर, मॉस्को, रोस्तोव, व्लादिमिर अशी संस्थानं होती आणि त्यांचे राजे बहुतेक एकाच घराण्याचे, एकमेकांचे चुलते-पुतणे. 1237 ते 1240 या काळात बातू खानाच्या मंगोल फौजांनी हा सगळा मुलूख जिंकला. खानाच्या राज्याला ‘सुवर्ण ओर्दू’ म्हणत आणि त्याची राजधानी व्होल्गा नदीच्या खालच्या अंगाला सराई इथं होती. ओर्दू म्हणजे छावणी. आपल्याकडच्या उर्दू भाषेचं नाव याच शब्दावरून आलं.

खानानं रशियन राजांना गादीवरून हटवलं नाही. कर गोळा करून पोचता करायचं काम त्यांच्याकडेच ठेवलं. पण गादीवर बसायचं तर खानाचा लेखी परवाना हवा. त्याला म्हणत ‘यारलिक’. मराठ्यांना चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा 1719 मध्ये दिल्लीहून आणाव्या लागल्या, हे आठवलं की यारलिकचं वजन लगेच लक्षात येतं. सत्ता मनगटात असली तरी कागद दुसऱ्याच्या दरबारातून यायचा.

सगळ्या राजांत मोठा मान व्लादिमिरच्या महाराजाचा. ही गादी बापाकडून मुलाकडे सरळ जात नसे. थोरल्या भावानंतर धाकटा भाऊ, मग पुढच्या पिढीतला वडीलधारा, असा क्रम होता. या क्रमानं 1304 मध्ये हक्क आला त्वेरच्या मिखाईल यारोस्लाविचकडे आणि खानाचा यारलिकही त्यालाच मिळाला. हाच आन्नाचा नवरा.

त्याचा प्रतिस्पर्धी होता मॉस्कोचा युरी, नात्यानं त्याचा चुलत पुतण्या. युरीचा बाप व्लादिमिरच्या गादीवर कधी बसलाच नव्हता, म्हणजे रिवाजाप्रमाणे युरीला हक्क नव्हता. म्हणून त्यानं रिवाज सोडला आणि थेट दरबार गाठला. उझबेक खानाच्या छावणीत राहून त्यानं खानाची बहीण कोनचाका हिच्याशी लग्न केलं आणि 1317 मध्ये खानाचा मेहुणा बनून, यारलिक घेऊन तो परतला. त्याच वर्षी 22 डिसेंबरला बोर्तेनेवो गावाजवळ लढाई झाली. मिखाईल जिंकला, पण कोनचाका त्याच्या कैदेत सापडली आणि त्वेरमध्येच वारली. विष घातल्याची आवई उठली. खानाची बहीण आपल्या घरात मेली, याचा अर्थ काय होतो हे मिखाईलला सांगावं लागलं नाही.

नेर्ल नदीपर्यंत

आन्ना रोस्तोवचा राजा दमित्री बोरिसोविच याची मुलगी. 1294 मध्ये ती त्वेरच्या घरात सून म्हणून आली. पहिली मुलगी फेओदोरा तान्हेपणीच गेली. मग दमित्री, अलेक्सांद्र, कोन्स्तान्तीन आणि वसीली असे चार मुलगे झाले.

1318 मध्ये खानाचं बोलावणं आलं. मुलांनी सांगितलं, तुम्ही जाऊ नका, आमच्यापैकी एकाला पाठवा. मिखाईल म्हणाला, खानाला मी हवा आहे. मी गेलो नाही तर मुलूख उजाड होईल. आन्ना आणि धाकटा वसीली त्याला पोचवायला नेर्ल नदीपर्यंत गेले. मिखाईलच्या मृत्यूची जी कथा त्या काळी लिहिली गेली, तिच्यात या निरोपाची नोंद आहे. तिथून तो पुढे गेला आणि ही दोघं मागे वळली.

छावणीत मिखाईलच्या गळ्यात जड लाकडी खोडा अडकवला गेला. छावणी मुक्काम हलवी तसतसं त्यालाही त्या खोड्यासकट फरपटत नेलं जाई. 22 नोव्हेंबर 1318 रोजी त्याला ठार मारण्यात आलं. बारा वर्षांचा कोन्स्तान्तीन तेव्हा त्याच छावणीत होता. त्वेरला ही बातमी पोचली ती थेट पुढच्या वर्षी. युरीनं मृतदेह आधी मॉस्कोला नेला होता, तो मागून आणावा लागला. सप्टेंबर 1319 मध्ये त्वेरच्या तारणहार कॅथेड्रलात मिखाईलला मूठमाती मिळाली. पुढच्याच वर्षी तह म्हणून कोन्स्तान्तीनचं लग्न युरीच्या मुलीशी लावण्यात आलं. ज्यानं नवऱ्याला मरणाच्या दारात लोटलं, त्याची लेक आन्नाच्या घरी सून म्हणून आली.

पुढचे मृत्यू भराभर आले. थोरल्या दमित्रीनं 1325 मध्ये छावणीतच युरीला गाठून मारलं. खानानं 1326 मध्ये दमित्रीचा शिरच्छेद केला. 1327 च्या ऑगस्टमध्ये त्वेरच्या लोकांनी खानाच्या सरदाराविरुद्ध उठाव केला. निमित्त झालं ते एका डीकनच्या, म्हणजे कनिष्ठ पुरोहिताच्या घोडीचं. तो तिला पाणी पाजायला व्होल्गावर नेत होता आणि खानाच्या माणसांनी ती हिसकावली. उठावाची शिक्षा म्हणून सारं त्वेर जाळून लुटण्यात आलं. अलेक्सांद्र पळाला, दहा वर्षांनी परतला आणि 1339 मध्ये मुलगा फ्योदोर याच्यासह छावणीत मारला गेला. नवरा, दोन मुलगे, एक नातू. चौघांचेही देह दूरच्या छावणीतून त्वेरला आले.

आन्नानं मठाची दीक्षा घेतली. म्हातारपणी धाकटा वसीली तिला आपल्या काशिनला घेऊन गेला आणि तिथल्या मठात 2 ऑक्टोबर 1368 रोजी ती वारली. इतिहासवृत्तांत तिच्याबद्दल एवढंच मिळतं: लग्न, मुलं, दीक्षा, मृत्यू. ती काय बोलली याचा कुठं मागमूस नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचीच अडचण होणार आहे.

‘साठी’ आणि ‘कडे’

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये संत कसा ठरतो, हे एका मराठी शब्दयोगी अव्ययाच्या फरकानं सांगता येईल. माणूस वारला की चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना होते: देवा, याला क्षमा कर, शांती दे. तो संत ठरला की त्याच्याकडे प्रार्थना होते: तू देवाजवळ आहेस, आमच्यासाठी रदबदली कर. बाकी सारा विधी या एका बदलाभोवती उभा आहे.

‘साठी’चं ‘कडे’ व्हायला काही पायऱ्या आहेत. सुरुवात लोकांकडून होते. कुणी समाधीपाशी येतं, कुणाचं दुखणं बरं होतं, बोलबाला होतो. मग चर्च चौकशी करतं, बरं झालेल्यांचे जबाब घेतं, शवपेटी उघडून अवशेष पाहतं. देह बराचसा टिकलेला असेल तर तो एक शुभसंकेत मानला जातो. त्यानंतर चरित्र लिहिलं जातं, उपासनेची गीतं रचली जातात, प्रतिमा रंगवली जाते आणि शेवटी पंचांगात तिथी नोंदवली जाते. म्हणजे पुढाकार लोकांचा आणि शिक्का चर्चचा.

आन्नाच्या बाबतीत लोकांचं पाऊल पडायला जवळजवळ अडीचशे वर्षं लागली. काशिनच्या लाकडी चर्चची जमीन खचत गेली आणि तिची शवपेटी वर दिसू लागली. ती कुणाची, हे लोक विसरले होते. येणारे-जाणारे तिच्यावर टोप्या ठेवत. 1611 मध्ये पोलिश-लिथुआनियन टोळ्या गावाभोवती घिरट्या घालत होत्या. परंपरा सांगते, की त्या दिवसांत चर्चचा आजारी सेवक गेरासिम याच्या स्वप्नात आन्ना आली. माझ्या पेटीचा असा अनादर का करता, असं तिनं विचारलं आणि गाव शत्रूच्या हाती पडू नये म्हणून मी प्रार्थना करते आहे, असं सांगितलं. गेरासिम बरा झाला आणि गावही वाचलं. तिथून ओघ सुरू झाला.

1649 च्या जुलैमध्ये रीतसर तपासणी झाली. तपासणाऱ्यांनी लिहून ठेवलं, की उजवा हात छातीवर आहे आणि दोन बोटं आशीर्वाद देताना असतात तशी जुळलेली आहेत. त्या वेळी या वाक्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. सगळा रशिया तशीच बोटं जुळवत होता. 12 जून 1650 रोजी झारसमोर तिचे अवशेष समारंभानं नव्या जागी नेण्यात आले.

बोटांचं गणित

*चौकट: करून पाहा*

*उजवा हात पुढे धरा. तर्जनी आणि मधलं बोट एकत्र उभं करा, उरलेली तीन बोटं टोकांशी जुळवा. क्रूसाची खूण करायची ही जुनी रशियन पद्धत. उभी दोन बोटं म्हणजे ख्रिस्ताची दोन रूपं, देव आणि माणूस. जुळलेली तीन म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा.*

*आता अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट टोकांशी जुळवा, उरलेली दोन तळव्याला टेकवा. ही ग्रीकांची, नंतर रशियात लादलेली पद्धत. इथं तीन जुळलेली बोटं त्रयी सांगतात आणि टेकलेली दोन ख्रिस्ताची दोन रूपं.*

दोन्हीकडे दोन आणि तीनच, अर्थही तेच. तरी या फरकापायी माणसं मेली.

1652 मध्ये निकोन रशियन चर्चचा धर्मप्रमुख, म्हणजे पॅट्रिआर्क झाला. ग्रीक चर्च हे मूळ आणि रशियन रिवाज कालांतरानं बिघडलेले, असं त्याचं मत. 1653 पासून त्यानं ग्रंथ आणि विधी ग्रीक नमुन्याबरहुकूम बदलायला घेतले. बोटांचा रिवाज त्यांतलाच. खरं पाहता रशियातल्याच 1551 च्या धर्मसभेनं दोन बोटं सक्तीची केली होती. आता 1656 मध्ये दोन बोटांनी क्रूस करणाऱ्यांवर शाप उच्चारला गेला आणि 1666-67 च्या मोठ्या सभेनं तो कायम केला.

निकोनचा समज चुकीचा होता, हे पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकोलाय काप्तेरेव आणि येवगेनी गोलुबिन्स्की या रशियन इतिहासकारांनी दाखवून दिलं. रशियानं 988 च्या सुमारास बायझँटियमकडून, म्हणजे ग्रीकांकडूनच, ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हा तिथं दोन बोटांची चाल होती. मागाहून ग्रीक बदलले, रशियन नाही. माहेरचा एखादा जुना शब्द सासरी पिढ्यान्‌पिढ्या टिकावा आणि माहेरी मात्र विसरला जावा, तसं हे झालं.

पण सतराव्या शतकात हे कोण ऐकणार? ज्यांनी बदल नाकारला ते ‘जुन्या रिवाजाचे’ म्हणून ओळखले गेले. सोलोवेत्स्की मठानं झारच्या फौजेला 1668 पासून 1676 पर्यंत दाद दिली नाही. धनाढ्य सरदार घराण्यातली फेओदोसिया मोरोझोवा कैदेत उपासमारीनं 1675 मध्ये मेली. पुरोहित अव्वाकूम याला 1682 मध्ये जिवंत जाळण्यात आलं. चित्रकार सुरिकोव्हनं 1887 मध्ये मोरोझोवाचं भलंमोठं चित्र रंगवलं. बर्फातून ओढल्या जाणाऱ्या घसरगाडीवर साखळदंडातली मोरोझोवा, आणि उंचावलेला हात. त्या हाताची दोन बोटं उभी आहेत.

सरकारी साक्षीदार उलटला

आता आन्नाकडे परत येऊ. कोर्टात फिर्यादीनं स्वतः आणलेला साक्षीदारच आरोपीच्या बाजूनं बोलू लागला, तर काय होईल? 1650 मध्ये चर्चनंच सांगितलं होतं, की ही बाई देवाजवळ आहे. तिची बोटं दोन जुळलेली आहेत, हे चर्चच्याच कागदात होतं. जुन्या रिवाजाचे लोक काशिनला येत, लोकांना ती बोटं दाखवत आणि विचारत: दोन बोटांनी माणूस शापित होतो ना? मग ही संत कशी?

याला उत्तर नव्हतं. शाप खरा तर संत खोटी, संत खरी तर शाप खोटा. शाप मागे घ्यायला कुणी तयार नव्हतं.

जानेवारी 1676 मध्ये झार अलेक्सेई वारला. 1650 च्या सोहळ्यात तो स्वतः हजर होता, तो असेपर्यंत हात घालणं अवघड होतं. फेब्रुवारी 1677 मध्ये पॅट्रिआर्क योआकिमनं चौघा धर्माधिकाऱ्यांना काशिनला धाडलं. त्यांनी पेटी उघडली. देह ठिकठिकाणी विरलेला आहे, असं लिहिलं. उजवा हात कोपरात वाकलेला आहे, पण तळवा आणि बोटं सरळ आहेत, आशीर्वादासारखी जुळलेली नाहीत, असंही लिहिलं.

चरित्र आणि इतिहासवृत्तं यांत त्यांना तेरा विसंगतीही सापडल्या. चरित्र आन्नाला काशिनच्या सरदार घराण्यातली म्हणतं, प्रत्यक्षात ती रोस्तोवची राजकन्या. चरित्रात मृत्यूचं वर्षही तीस वर्षं आधीचं, 1338 असं दिलं आहे. या चुका खऱ्या आहेत, त्या तपासणाऱ्यांनी रचलेल्या नाहीत. तीनशे वर्षांनी, जवळजवळ काहीच लेखी नसताना, गावच्या आठवणींवरून लिहिलेलं चरित्र ते. आपल्या पणजीची गोष्ट घरात सांगतात तेव्हा तिचं माहेर कोणतं यावर दुमत होतं. तिची किती माणसं गेली यावर होत नाही. काशिनकरांच्या आठवणीचंही तसंच झालं.

पण चरित्रातल्या चुकांसाठी संतपद जायचं असतं तर कितीतरी संतांची नावं पंचांगातून पुसावी लागली असती. त्यांच्यापैकी कुणाच्या चरित्राची अशी झडती झाली नाही. माझ्या मते तेरा विसंगती हा मुलामा होता. अडचण चौदावी होती, आणि ती पेटीत होती.

1677 च्या सभेनं निकाल दिला आणि 1678 च्या मोठ्या सभेनं तो कायम केला. शवपेटीला मोहोर लागली, प्रतिमा काढून घेतल्या, तिच्या नावाच्या चर्चचं नाव बदलून ‘सर्व संतांचं’ केलं. तिच्या नावानं यापुढे मृतांसाठीची प्रार्थना तेवढी व्हावी, असा हुकूम झाला. ‘कडे’चं पुन्हा ‘साठी’ झालं.

काशिनकरांनी काय केलं?

काशिनकर पेटीपाशी येत राहिले. मोहोर पेटीवर होती, त्यांच्या येण्यावर नाही. लग्न ठरलं, मूल आजारी पडलं, प्रवासाला निघायचं झालं की आन्नापुढे उभं राहायचं, ही गावची रीत पिढी दर पिढी चालत राहिली. झार आणि पॅट्रिआर्क बदलत गेले, गावात आन्ना आन्नाच राहिली.

इकडे शापाचाच पाया ढासळत होता. 1800 मध्ये चर्चनं तडजोड काढली: जे जुन्या रिवाजाचे लोक आमचे बिशप मानतील, त्यांनी खुशाल दोन बोटांनी क्रूस करावा. मग ज्या बोटांसाठी आन्नाचं पद काढलं, त्याच बोटांनी क्रूस करणारे चर्चच्या आत कसे? 17 एप्रिल 1905 च्या फर्मानानं जुन्या रिवाजाच्या सगळ्यांनाच धर्मस्वातंत्र्य मिळालं. काशिनकरांनी अर्ज केला, 1908 मध्ये झार निकोलाय दुसरा याची मंजुरी आली आणि 1909 मध्ये आन्ना पुन्हा संत झाली. तारीख मुद्दाम तीच ठेवली, 12 जून.

त्या गर्दीत झारीणबाईंची बहीण येलिझावेता फ्योदोरोव्हना होती. चार वर्षांपूर्वी बाँबहल्ल्यात तिचा नवरा ठार झाला होता आणि बर्फातून त्याच्या देहाचे तुकडे तिनं स्वतः गोळा केले होते. छावणीतून आलेल्या देहांना मूठमाती देणाऱ्या राणीपुढे ती उभी होती, तेव्हा तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नसणार. क्रांतीनंतर 1918 मध्ये तीही मारली गेली आणि आज रशियन चर्च तिलाही संत मानतं. दोन बोटांवरचा शाप चर्चनं अधिकृतपणे मागे घेतला तो 1971 मध्ये.

एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. मिखाईलला पुरलं ते त्वेरचं तारणहार कॅथेड्रल. पंधराव्या शतकात तिथूनच, आन्नाच्या वंशातला मिखाईल बोरिसोविच त्वेरच्या गादीवर असताना, अफानासी निकितीन नावाचा व्यापारी निघाला आणि दोन समुद्र ओलांडून आपल्या चौलला उतरला. पुढे जुन्नरला जाऊन तो पावसाळाभर राहिला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. कधी तिकडे गेलात तर त्याच्या प्रवासाची पहिली पायरी कुठं होती ते आठवा.

ते कॅथेड्रल 1935 मध्ये सुरुंग लावून उडवण्यात आलं. त्या उलथापालथीत मिखाईलचे अवशेष नाहीसे झाले, ते आजवर सापडलेले नाहीत. आन्नाचे काशिनमध्येच आहेत.